दुखू दे, प्रभू

पेशंट ओरडला की मला बरं वाटतं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकाच्या संपादकबाईंना मी फोनवर हेच वाक्य ऐकवलं. त्यांना माझ्याकडून सेवेतले अनुभव हवे होते. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, थोडी सौम्य सुरुवात करता येईल का?" आमची ही, सुमन, शेजारी बसून करंज्यांचं सारण परतत होती. ती तिथूनच ओरडली, "त्यांना सौम्य येत नाही. उगाच वाट बघू नका म्हणावं!"

तर सौम्य जमलेलं नाही, आहे तसं लिहितो. मी शांतवन साळवे. राहणार बुवापाडा, अंबरनाथ. उभी हयात उल्हासनगरच्या एका धर्मादाय इस्पितळात ड्रेसर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर स्कूटरवर पट्ट्या-औषधांचा डबा बांधून घरोघरी तेच काम करतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा आणि बांधणारा माणूस. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या शब्दाने मला आयुष्यभर छळलंय. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी गावभर सांगितलं की जावई मुंबईकडे मोठा शिंपी आहे. उल्हासनगरात तर अर्धं गाव जीन्स शिवतं. तिथे एका माणसाने ‘ड्रेसर’ ऐकून पिशवीतून पँट काढली आणि म्हणाला, "मास्टर, दो इंच छोटा करना है।" मी म्हटलं, पाय देतोस का, पाय छोटा करतो.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. लोकांना वाटतं, जखमेला मलम लावलं, पट्टी गुंडाळली, झालं. नाही हो. मलम ही शेवटची गोष्ट. आधी जखम बघायची, मग हुंगायची. हो, हुंगायची. सडायला लागलेल्या जखमेचा वास एकदा नाकात बसला की अत्तराच्या दुकानातसुद्धा ओळखू येतो. मग सलाइनने धुवायची, मेलेली कातडी चिमट्याने नि कात्रीने काढायची आणि खड्ड्यात ओला गॉज, म्हणजे जाळीदार सुती कापड, सैल भरून ठेवायचा. का भरायचा? तर जखमेला वरून मिटू द्यायचं नाही म्हणून. खोल जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची कातडी घाईने जुळली आणि आत पोकळी राहिली, की आत पू धरतो. बाहेरून बघणारा म्हणतो, वा, सुकली! आणि आत घात होत असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुखणं. ज्यांची साखर वर्षानुवर्षं वाढलेली असते, त्यांचे पाय हळूहळू बधिर होतात. चप्पल सुटली तरी कळत नाही, खिळा घुसला तरी कळत नाही. जिथे दुखतं तिथे मांस जिवंत आहे, रक्त पोचतंय, मज्जातंतू जागे आहेत. जिथे काहीच वाटत नाही, तिथे आम्हाला घाम फुटतो. म्हणून म्हटलं, ओरडला की बरं वाटतं.

उल्हासनगरला लछमनदास शेठ म्हणून माझे एक गिऱ्हाईक होते, कापडाचे व्यापारी. तळपायाला हा एवढा खड्डा. मी खाली बसून कात्री चालवतोय आणि शेठ वर फोनवर भिवंडीच्या माणसाशी कापडाच्या ताग्यांचा भाव करतायत. मधेच खाली वाकून माझा गॉज दोन बोटांत चोळून बघायचे आणि नाक मुरडायचे, "साळवे, ये क्या माल है, इसमें तो जान ही नहीं।" मी म्हणायचो, "सेठ, जान तो आपके पैर में भी नहीं, उसका क्या करें?" त्यावर ते खूश होऊन म्हणायचे, "अरे साईं, दर्द नहीं है तो अच्छा ही है ना!" आणि परत भिवंडी. त्यांच्या बायकोने हाय खाल्ली होती, शेठ मात्र मजेत. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हे माणसाच्या डोक्यातून काढणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं. कातडी काढणं सोपं.

तरी मला वाटायचं, शेठसारखी माणसं फसतात, आपली फसणार नाहीत. आपली म्हणजे ख्रिस्ती माणसं. आपण तर क्रूसाखाली वाढलेलो, वेदनेशी आपली जुनी ओळख. कसलं काय! करुणाबाईंच्या वेळी सगळी मंडळीच्या मंडळी फसली, आणि तीही गुडघे टेकून, डोळे मिटून.

करुणाबाई बदलापूरला मांजर्लीत राहतात, तळमजल्यावर. सोबत सून प्रिया आणि मुलगा. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे घरात बहुतेक या दोघीच. करुणाबाई म्हणजे आमच्या मंडळीची पेटी. पेटी म्हणजे पायपेटी. पायांनी खालच्या फळ्या दाबून भाता चालवायचा आणि हातांनी सूर धरायचे. उपासनेची जागा भाड्याची, तिथे कुलपाचा भरवसा नाही, म्हणून पेटी करुणाबाईंच्या घरी असते आणि रविवारी टेम्पोतून हॉलवर जाते. आणि मंडळीत कुणाच्याही घरी काही वाईट घडलं की पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्र्यांच्या, आधी करुणाबाई पोचणार. हात धरणार, प्रार्थना करणार, डबा ठेवून येणार. त्यांना कुणी विचारलं, ताई कशा आहात? तर उत्तर ठरलेलं, "प्रभूच्या कृपेने अगदी छान." यजमान, सदानंदराव, कोरोनात गेले तेव्हासुद्धा हेच उत्तर. सदानंदरावांना माती द्यायला आम्हाला कुणालाच जाता आलं नाही. नंतर मी भेटायला गेलो तर करुणाबाईंनी मलाच चहा दिला, मलाच धीर दिला. मी घरी येऊन सुमनला म्हटलं, केवढा विश्वास आहे या बाईचा. ती भाकऱ्या थापत राहिली.

एका पावसाळ्यात उल्हास नदीने मांजर्लीत पाणी घातलं. दर दोन-चार वर्षांनी घालतेच, तिथल्या लोकांना सवय आहे. पाणी उंबऱ्याशी आलं तशी करुणाबाईंनी आधी काय उचललं असेल? पेटी. सासू-सुनेने आणि वरच्या म्हात्रेकाकूंनी मिळून ती दिवाणावर चढवली. गादी भिजली, पीठ भिजलं, पेटीचा भाता कोरडा. पाणी ओसरल्यावर करुणाबाई अनवाणी चिखल काढत होत्या. प्रिया मागून फरशी पुसत होती, तर पुसलेल्या फरशीवर परत परत लाल ठसे. "आई, तुमच्या पायाला काय झालंय?" करुणाबाईंनी पाय वर करून बघितला तर तळव्यात फळीचा तुकडा, खिळ्यासकट. जुन्या साखरेने पाय बधिर झालेले, त्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. उल्हासनगर आटोपलं की स्कूटर मांजर्लीत. बाई पेशंट म्हणून उत्तम. कुरकुर नाही, हालचाल नाही, मी कात्री चालवतोय आणि त्या मला रविवारची गाणी विचारतायत. मी मनात म्हणायचो, बाई, एकदा तरी ‘स्स’ करा. जखम आकसायला लागली. तेवढ्यात त्या प्रियाला घेऊन नाशिकला बहिणीकडे गेल्या आणि तिकडून प्रियाचा फोन आला, "मामा, गुड न्यूज! जखम क्लोज झाली. आई बोलतायत, आता ड्रेसिंग नको." मी म्हटलं, आल्यावर मला दाखवा. त्या आल्या, पण मला निरोप आला तो थेट उपकारस्तुतीचा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्यात प्रार्थना ऐकली गेली की घरी मंडळीला बोलावून देवाचे आभार मानतात, त्याला उपकारस्तुती म्हणतात. गाणी होतात, ज्याचं काम झालं तो उभा राहून साक्ष देतो, आणि मग जेवण. करुणाबाईंनी मटण आणि भाकरी केली होती. मी दारात शिरलो तर रश्श्याचा वास. पेटीच्या शेजारची खुर्ची मला मानाने दिली. त्या पायात पांढरे मोजे घालून पेटीवर बसल्या, गाणं सुरू झालं, पाय खालीवर होऊ लागले. आणि रश्श्याच्या वासातून मला तो दुसरा वास आला.

माझं गाण्यातलं लक्षच उडालं. म्हटलं, भास असेल. नाक म्हातारं झालं. पण भाता दाबला गेला की खालून परत तोच वास. गाणं संपलं. करुणाबाई उठल्या, आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना "सलाम" म्हणाल्या आणि साक्ष द्यायला लागल्या. "प्रभूने माझी वेदना पूर्ण काढून घेतली. नखाएवढंसुद्धा दुखत नाही." लोक म्हणाले, "आमेन!" पाळकसाहेब आनंदाने माझ्याकडे वळले. "आता ज्यांच्या हातून प्रभूने हे काम केलं, ते शांतवनभाऊ साक्ष देतील."

मी उभा राहिलो. काय साक्ष देणार, कपाळ? म्हटलं, "करुणाबाई, मोजा काढा."

भर मंडळीत. प्रियाचा चेहरा पडला. करुणाबाईंनी हसत मोजा काढला, त्यांना वाटलं मी लोकांना जखम दाखवतोय. वरून बघाल तर जखम खरंच मिटली होती. पण कडा टणक, आजूबाजूची कातडी गरम आणि काळपट. मी त्यांना समोर बघायला सांगितलं आणि अंगठ्याने तळवा दाबला.

"कुठे दाबतोय मी?"

"दाबताय?" त्या म्हणाल्या.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, "साहेब, स्तुती थांबवा. यांना उद्या इस्पितळात न्यायला लागेल. दुखत नाही म्हणून आभार मानताय, पण दुखत नाही हाच तर आजार आहे." पाळकसाहेब भला माणूस, बिचारे नुसते घाम पुसत राहिले. करुणाबाई मात्र पेटल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "शांतवनभाऊ, तुमचा विश्वास कमी आहे, तो तुमच्यापाशी ठेवा. प्रभूने बरं केलं ते तुम्ही परत उकरू नका!" दोन-चार जणांनी "बरोबर आहे" म्हणून माना डोलावल्या. मी डबा उचलला आणि निघालो. मटण राहिलं. त्याचं दुःख मी पुढे बरेच महिने बाळगलं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी इस्पितळात जायला नकार दिला. प्रिया रोज समजवायची, मी फोनवरून प्रियाला समजवायचो, आणि बाई म्हणायच्या, "मी साक्ष दिलीय. आता मागे फिरले तर लोक काय म्हणतील, प्रभूने अर्धवट काम केलं?" ही चूक शेठ करणार नाहीत बघा. शेठना दुसऱ्या दिवशी पटलं असतं. बोललेल्या साक्षीला धरून पाय पणाला लावणं हे फक्त आमच्याच माणसांना जमतं.

मग एक दिवस सकाळीच प्रियाचा फोन. "मामा, आईंना खूप थंडी वाजतेय, अंग नुसतं जळतंय, कायतरी पण बोलतायत. प्लीज या ना." मी पोचलो तेव्हा पाऊल फुगून चकाकत होतं. रिक्षात घालून थेट इस्पितळ. दोन बोटं आणि तळव्याचा बराच भाग गेला. सर्जनने पोटरीतली तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली आणि घरी सोडताना प्रियाला नि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. आता तळातून लाल मांस यायला हवं, हात लावला तर रक्त यायला हवं. तसं झालं तर टाच आणि उरलेलं पाऊल राहील. नाही झालं तर गुडघ्याखालून काढावं लागेल. नाताळच्या आधी परत दाखवा, तेव्हा ठरवू.

परत माझी स्कूटर मांजर्लीत. आता मात्र घर बदललं होतं. करुणाबाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. पेटीवर चादर. प्रियाने प्रार्थनेला बोलावलं तर म्हणायच्या, तुम्ही करा. मी जखम उघडायचो तर तळ फिकट, राखेच्या रंगाचा. रक्ताचा थेंब नाही. चिमटा टोचला तरी बाई गप्प.

एकदा गॉज भरता भरता मी म्हटलं, "बाई, रागावला असाल तर माझ्यावर रागवा. प्रभूवर कशाला?"

"रागावले नाही हो," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "लाज वाटते. आभार मी आधीच मानून बसले. लोकांना जेवू घातलं. आता कुठल्या तोंडाने मागू?"

मी हातातलं काम चालू ठेवलं. माणसं बोलायला लागली की हात थांबवायचे नाहीत, हे मी इस्पितळात शिकलो. त्यांच्याकडे बघितलं की ती गप्प होतात.

"यांच्या वेळीपण मी हेच केलं," त्या म्हणाल्या. "यांना मातीसुद्धा शवपेटीशिवाय दिली. प्लास्टिकमध्ये बांधलेले, तोंड बघू दिलं नाही. आणि मी दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटले, मला शांती आहे, प्रभूने शांती दिलीय. शांती नव्हती, भाऊ. काहीच नव्हतं. या पायासारखं. कुणी दाबलं असतं तरी कळलं नसतं."

मी काही पाळक नाही. मला जखमेचं कळतं, तेवढंच बोललो. "मग बरं करायला कशाला मागता? दुखू दे म्हणून मागा."

त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. "असली प्रार्थना कुणी करतं का?"

"मी रोज करतो. तुमच्या पायासाठी."

बाई हसल्या. हसल्या म्हणजे नाकातून जरासा आवाज काढला, पण इस्पितळानंतर तेवढंही पहिल्यांदाच.

त्या शुक्रवारी घरगुती प्रार्थनेला मंडळी त्यांच्याकडे जमली. सगळे अवघडलेले. कुणी पायाकडे बघत नव्हतं, कुणी माझ्याकडे. पाळकसाहेबांनी विचारलं, "ताई, कशासाठी प्रार्थना करू?" करुणाबाई उशीला टेकून बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "साहेब, माझा पाय दुखू दे म्हणून करा."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, घसा खाकरला. "हे दयाळू स्वर्गीय बापा, आमच्या या बहिणीला… या बहिणीला, प्रभू… वेदना…" इथे ते बराच वेळ अडले. आयुष्यभर ‘काढून घे’ म्हणायची सवय, जीभ वळेना. शेवटी एका दमात म्हणाले, "वेदना दे!" मागून सवयीने कुणीतरी खणखणीत "आमेन" ठोकलं. आमच्या रूथआजी शेजारणीला कुजबुजल्या, पण त्यांची कुजबूज रस्त्यापर्यंत ऐकू जाते, "अगं बाई, असं कसं मागतात? देईल ना तो!" झालं, सगळे फुटले. प्रिया तोंडात ओढणी कोंबून हसत होती. पाळकसाहेब डोळे मिटलेलेच, पण खांदे हलतायत.

हसणं संपलं तेव्हा कळलं की करुणाबाई हसत नाहीयेत. त्या प्रार्थना करत होत्या. ठेवणीतली, पाठ असल्यासारखी नाही. त्या नुसतं म्हणत होत्या, "प्रभू, सदानंदला तू नेलंस. मला बघू पण दिलं नाहीस. मला बघायचं होतं रे." आणि रडायला लागल्या. बाई आमच्यासमोर रडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे ‘धीर धरा’ म्हणायला पुढे सरकले. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. साहेब शहाणे, ते थांबले. गाणं नाही, बायबलचं वचन नाही, कुणी समजूत घातली नाही. रूथआजी नुसत्या जाऊन त्यांच्या पायाशी बसल्या आणि त्याही रडल्या. त्यांचाही माणूस त्याच साथीत गेला होता, आणि त्यांनाही आम्ही सगळ्यांनी तेव्हा लगेच शांती वाटून टाकली होती.

मी घरी येताना स्कूटरवर विचार करत होतो. दुःख चांगलं असतं, देव माणसाला घडवायला दुःख देतो, असं मंचावरून बोलणारे मी पुष्कळ ऐकलेत. त्यांतल्या एकेकाला माझ्या डब्याजवळ आणून बसवावं आणि चिमटा हातात द्यावा असं मला वाटतं. दुःख काही चांगलं नसतं हो. घाण असतं. पण ते झाकून ठेवलं की जास्त घाण होतं, एवढं मला कामातून कळलं. आणि प्रभूचंच बघा. मेलेल्यांतून उठला, सगळं नवं झालं, पण हातांच्या जखमा त्याने पुसल्या नाहीत. शिष्यांना त्याच दाखवल्या. लहानपणापासून ऐकत आलोय, पण ड्रेसर असूनही मला हे त्या शुक्रवारी पहिल्यांदा लक्षात आलं.

त्यानंतरही जखम लगेच काही बदलली नाही. प्रियाने साखरेवर पहारा बसवला. भात मोजून, गोड कुलपात. करुणाबाई आता बोलायच्या, रडायच्या, मधेच माझ्यावर डाफरायच्याही. मला बरं वाटायचं. पण तळ फिकटच, आणि नाताळ जवळ येत चालला होता. सर्जनकडे जायचा दिवस ठरला. प्रिया मला जिन्याखाली गाठून विचारायची, "मामा, खरं सांगा ना, पाय राहील का?" मी म्हणायचो, मला माहीत नाही गं.

मग एक सकाळ. मी नेहमीसारखा खाली बसलो. जुना गॉज काढला, धुतलं. टाचेकडच्या कडेला जराशी मेलेली कातडी होती, ती चिमट्यात धरून ओढली.

"आई गं!"

आणि पायाने अशी झटक्यात लाथ मारली की सलाइनचं भांडं थेट भिंतीवर. मी मागे पडलो. प्रिया स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी धावत आली. "काय झालं? मामा, काय केलंत?"

"दुखलं!" करुणाबाई ओरडल्या. "प्रिया, दुखलं गं! मेल्याने केवढ्याने ओढलं!"

मी गुडघ्यांवर पुढे सरकून बघितलं. कडेला लाल मण्यासारखा थेंब उभा राहिला होता, आणि तळात, राखेच्या रंगाखालून, गुलाबी दाणे वर येत होते. मी कधी मोठ्याने न बोलणारा माणूस. आमच्या उपासनेतही मी तोंडातल्या तोंडात गातो. पण त्या दिवशी फरशीवर बसून मी "हालेलुया!" म्हणून अशी आरोळी ठोकली की वरून म्हात्रेकाकू धडधडत खाली आल्या.

"काय झाला गो? कोन पडला?"

"आईंचा पाय दुखतोय, काकू!" प्रिया रडत-हसत म्हणाली.

म्हात्रेकाकूंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "पाय दुखतंय त हसताव कनाला? याड लागला का काय सगल्यांना?" आणि मग काही न कळताच त्याही हसायला लागल्या.

सर्जनने पाय बघितला, दाबला, बाईंनी त्यांनाही "हळू हो" म्हणून सुनावलं. पाय राहिला. दोन बोटं नाहीत, तळव्याचा पुढचा भाग नाही, पण टाच आहे आणि टाचेवर माणूस उभा राहतो. याला चमत्कार म्हणायचं का, असं मला संपादकबाईंनीही विचारलं. सर्जनने रक्तवाहिनी उघडली होती, सुनेने साखर सांभाळली होती, मी चिमटा धरला होता, आणि मंडळीने मागू नये ते मागितलं होतं. कुणाचा वाटा किती, ते मला ठरवता येत नाही. सगळेच पाय वाचत नाहीत. लछमनदास शेठचा नाही वाचला, आणि ते कधी आठवले की माझा दिवस जातो. पण एक नक्की. पाय गेला असता तरी ती शुक्रवारची बाई परत भिंतीकडे तोंड करून पडली नसती. ते पायाच्या आधीच बरं झालं होतं.

जखम पुरती भरायला पुढचं वर्ष गेलं, आणि गेल्या नाताळला भाड्याच्या हॉलमध्ये पेटी आली. करुणाबाई प्रियाच्या खांद्याला धरून आल्या, पायात पुढून कापूस भरलेला बूट. उजव्या पायाने भाता नीट दाबला जाईना, तर सगळा जोर डाव्यावर देऊन त्यांनी पेटी चालवली. सूर मधेमधे खाली बसायचे, मग मंडळी जास्त मोठ्याने गायची. गाणं संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" करुणाबाई पेटीला धरून उभ्या राहिल्या. सगळा हॉल कान टवकारून बसला.

"सलाम," त्या म्हणाल्या. "दुखतंय." आणि खाली बसल्या.

इतकं मोठं "आमेन" मी आमच्या मंडळीत ऐकलेलं नाही.

दुपारी त्यांच्या घरी जेवण होतं, राहून गेलेली उपकारस्तुती. मटण होतं, भाकरी होती. वाढायला त्या स्वतः उठल्या, प्रिया नको नको म्हणत असताना. माझ्यापाशी येऊन थांबल्या. वाटीत रस्सा घालता घालता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "शांतवनभाऊ, आज पेटीवर बसले आणि यांची आठवण आली. आधी कशी यायची, नुसती यायची नि जायची. आता दुखतं हो."

"खूप?"

"खूप."

"मग भरतंय," मी म्हटलं, आणि वाटी पुढे केली.